मदत हवी आहे: बिनसांध्याची फरशी, कोबा की मायक्रोसिमेंट?

डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट दुरुस्तीला काढलाय. मोझॅक लाद्यांच्या सांध्यांत बसलेला काळा मळ घासून आई वैतागली आहे, म्हणून तिची एकच अट: फरशीला सांधा नको!

माझं मन खरं तर कोब्यावर आहे. गावच्या घरातला लाल कोबा आठवतो, उन्हाळ्यात त्यावर उघड्या अंगाने झोपायचो. पण तो ४०-५० मिमी जाड, म्हणजे चौरस मीटरला शंभरेक किलो वजन. लाद्या न उखडता वर घातला तर स्लॅबवर भार येणार आणि दारंही खालून कापावी लागणार. शिवाय पट्ट्या टाकून भाग पाडले नाहीत तर तडे ठरलेलेच, आणि पट्ट्या टाकल्या की सांधे आलेच की!

मायक्रोसिमेंट म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा पातळ लेप, जेमतेम २-३ मिमी, जुन्या लादीवरच बसतं म्हणे. तिसरा पर्याय इपॉक्सीचा (रेझिनचा ओतीव थर), पण ते उन्हाने पिवळं पडतं आणि आमचा हॉल पश्चिमेचा, त्यामुळे ते बाद.

कुणी स्वयंपाकघरात मायक्रोसिमेंट केलंय का? हळदीचे डाग निघतात का? खालची लादी पोकळ वाजत असेल तर तेवढीच काढून भरली तर चालते का? ओल्या पायाने आई घसरणार नाही ना, ही मुख्य धास्ती.