स्लो जिन विकायची आहे: ४० किलो फळं, २०० बाटल्या, प्रमाण आणि परवाने

कुंपणकाठ: नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये हेरफर्डशरला तीन एकर जमीन आहे, कुंपणाला ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपं भरपूर. यंदा ४० किलो स्लो, म्हणजे या झुडपाची फळं, निघतील. ३७.५ टक्के अल्कोहोलची जिन विकत आणून त्यात ती साखरेसह मुरवून स्लो जिनच्या ५० सेंटिलिटरच्या २०० बाटल्या करायच्या आहेत, त्याही याच ख्रिसमसच्या बाजारासाठी. लिटरला ५०० ग्रॅम फळं आणि २५० ग्रॅम साखर चालेल का? परवाने कोणते लागतील?

मुरवण: या प्रमाणात माल बेकायदा ठरेल. ‘स्लो जिन’ असं लेबल लावायला किमान २५ टक्के अल्कोहोल हवं. हिशोब करा: जिन १००० मिली, फळातलं पाणी साधारण ३५० मिली, विरघळलेली साखर १५५ मिली. ३७५ मिली अल्कोहोल दीड लिटरात वाटलं गेलं की २४.९ टक्के उरतं. ४० टक्क्यांची जिन घ्या आणि फळं ४५० ग्रॅमवर आणा, म्हणजे २७ च्या पुढे राहाल.

साध्या अल्कोहोलमीटरवर मात्र विसंबू नका. साखरेने घनता वाढते आणि आकडा खूपच कमी दिसतो. नमुना ऊर्ध्वपातन करून मोजावा लागतो. प्रयोगशाळेला पैसे द्या, ते वाया जात नाहीत.

साखर सुरुवातीला निम्मीच घाला, उरलेली गाळल्यावर चवीने. एकूण लिटरमागे १०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका, लिकर (गोड मद्य) म्हणायला तेवढी लागतेच. फळं आधी फ्रीझरमध्ये गोठवा. साल फुटते, टोचत बसावं लागत नाही. तीन महिन्यांनी गाळा. त्यापुढे बियांचा कडवट बदामी वास चढत जातो. चोथा पिळायचा नाही, पेक्टिन उतरून गढूळपणा येतो आणि तो फिल्टरलाही दाद देत नाही. नुसतं निथळू द्या, महिनाभर स्थिर ठेवा, मग वरचं नितळ काढून घ्या. अरुंद तोंडाचे काचेचे डेमिजॉन (मोठे बुधले) घेऊ नका, फुगलेली फळं बाहेर निघत नाहीत.

चोथ्यात बरंच अडकतं. लिटर जिनमागे सव्वा लिटरच्या आतच हाती येईल, म्हणजे २०० बाटल्यांना ८५ लिटरच्या आसपास जिन धरा.

कुंपणकाठ: मग यंदाचा ख्रिसमस?

मुरवण: सोडा. ऑक्टोबरात घातलेली जानेवारीत गाळली जाते. पुढच्या ख्रिसमसला विका, तोवर तुरटपणाही मऊ होतो. अंधारात ठेवा, उजेडाने लाल रंग विटकरी होतो.

हिशेबनीस: परवान्यांचं. ड्युटी (मद्यावरचा कर) भरलेल्या जिनमध्ये फळं-साखर मिसळून ती विकणं म्हणजे कंपाउंडिंग. घरच्यांसाठी केलं तर कुणी विचारत नाही, पण विकायचं तर आधी एचएमआरसीची (ब्रिटनच्या करखात्याची) मान्यता; ती हातात आल्याशिवाय एक थेंबही मिसळू नका. खाद्यव्यवसायाची नोंदणी स्थानिक कौन्सिलकडे, सुरू करण्याच्या २८ दिवस आधी. बाजारातल्या स्टॉलला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस पुरते, ती १० कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते.

फेब्रुवारी २०२५ च्या दराने शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला ३२.७९ पौंड ड्युटी होती, म्हणजे ४० टक्क्यांच्या लिटरभर जिनमध्ये १३.१२ पौंड करच. किंमत ठरवताना चालू दराचा आकडा समोर ठेवा. आणि बाटली १०, २०, ३५, ५० किंवा ७० सेंटिलिटरची. २५ ची सुंदर दिसते, पण त्या मापात स्पिरिट विकता येत नाही.

हेजवाला: कुंपणाकडे लक्ष द्या, सगळं तिथेच आहे. फळं जुन्या लाकडावर धरतात. दरवर्षी अख्खी हेज (झुडपांचं कुंपण) यंत्राने छाटली तर स्लो मिळणारच नाहीत. हिवाळ्यात फक्त एक तृतीयांश छाटा, पाळीपाळीने. १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटणी बंद. ब्राउन हेअरस्ट्रीक फुलपाखरू कोवळ्या फांद्यांवरच अंडी घालतं, तेही या पद्धतीने वाचतं.

फुलं मार्च-एप्रिलमध्ये, पानांआधी. तेव्हा कडाक्याच्या थंडीने दव गोठलं की त्या वर्षी जवळपास काहीच नाही, म्हणून चांगल्या वर्षी जादा फळं गोठवून ठेवा. कमी पडली तर शेजारच्या रस्त्याकडची तोडू नका. विकण्यासाठी रानफळं तोडणं १९६८ च्या थेफ्ट अॅक्टखाली चोरी धरतात, जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या. डॅमसन किंवा बुलेस ही स्लोसारखी दिसणारी फळं मिसळून ‘स्लो’ म्हणून विकायचं नाही. जाड चामड्याचे हातमोजे हवेतच: काट्याचं टोक सांध्यात मोडलं तर सूज आठवडेच्या आठवडे उतरत नाही, डॉक्टरकडे लगेच जा.