प्युरिफायरच्या आधी एचआरव्ही बघा

कॅनडातल्या थंडीत खिडक्या बंद, फोडणीचा वास घरात कोंडलेला, मग एअर प्युरिफायर घ्यावा का? घ्या की, पण तो मुख्यतः धूळ-धुराचे कण गाळतो. कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा तिथेच राहतो. सकाळी काचेवर पाणी ओघळत असेल तर हवा पुरेशी बदलत नाहीये असं समजा.

नव्या घरांत तळघरात बहुधा एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर), म्हणजे घरातली शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारा पंखा असतो. बाहेर जाणाऱ्या हवेची बरीचशी ऊब तो आत येणाऱ्या हवेला देतो, म्हणून उणे २० मध्येही खिडकी उघडण्याइतका भुर्दंड बसत नाही. आमचा दोन हिवाळे बंदच होता, आम्हाला पत्ताच नाही! फिल्टर काढला तर गोधडी निघाली.

फोडणीचं म्हणाल तर शेगडीवरचा पंखा हवा खरंच बाहेर टाकतो का ते बघा. मायक्रोवेव्हला जोडलेले बरेच पंखे धूर जाळीतून फिरवून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतात.

आणि तळघरात कुणी झोपत असेल तर रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू, मोजाच, हिवाळ्यात, किमान तीन महिने. त्याला ना वास ना रंग. २०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटरच्या वर गेला तर उपाय करा, असं कॅनडाचं आरोग्य खातं सांगतं.