ठासणीची बंदूक आणि कानडी पावती
ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीत शिकण्यासारखं काय, दारू भरली की बार काढायचा, असं काही जण म्हणतात; ते पटत नाही. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पीकरक्षणाच्या परवान्यावर आज्जांकडे तीच होती. आधी दारू, मग काथ्याचा बोळा गजानं ठासायचा, छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी. पावसात केप दमट झाली की नुसतं 'टक्', आणि डुकरं भातातच!

आणखी एक सांगायचं राहिलं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. पावती कानडीत, आज्जांना वाचता यायचं फक्त मराठी. शाळेत कानडी शिकलेला मी नळीवरचा नंबर पावतीशी ताडून बघायचो. माझ्या हाती आलेली पहिली बंदूक तीच, तेलकट फडक्यात गुंडाळलेली.