असांते कोटोको कोणाचा: गादीचा, की लाल जर्सी घालणाऱ्या सगळ्यांचा?

डावी बगल

घानातल्या कुमासी शहराचा क्लब असांते कोटोको. त्याचा मालक आणि तहहयात आश्रयदाता म्हणजे असांतेहेने, असांते लोकांचा राजा. परवा एका मित्राशी यावरून जोरदार वाद झाला. तो म्हणाला, एका समाजाचं नाव आणि एका राजाची मालकी असलेला क्लब आजच्या घानात शोभत नाही. नाव राहू दे हवं तर, पण गादीने बाजूला व्हावं. मला हे साफ नामंजूर आहे. का ते सविस्तर लिहितो, तुम्हीही तुमचं मत मांडा.

क्वासी कुमा हा कुमासीचा तरुण ड्रायव्हर. १९२४ मध्ये एका इंग्रज साहेबाबरोबर राजधानी अक्राला गेला, तिथे फुटबॉल पाहिला आणि पुरता झपाटून परत आला. एल. वाय. असामोआ या इलेक्ट्रिशियनला हाताशी धरून त्याने पोरं जमवली, तीन पौंड उसने घेऊन जर्सी आणल्या. नाव ठेवलं रेनबो. १९२६ मध्ये ते झालं अशांती युनायटेड, १९३१ मध्ये टायटॅनिक्स, १९३४ मध्ये मायटी ॲटम्स. शेवटी १९३५ मध्ये फ्रिम्पाँग नावाच्या शाळामास्तरांच्या पुढाकाराने राजाची परवानगी काढली आणि नाव पडलं कोटोको, म्हणजे साळिंदर.

आता शेजारी दुसऱ्या तारखा मांडून बघा. राजा प्रेम्पे पहिला याला ब्रिटिशांनी १८९६ मध्ये धरून नेलं आणि पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं. १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने सोन्याचं आसन मागितलं. त्या आसनावर राजासुद्धा बसत नाही, कारण सगळ्या असांतेंचा प्राण त्यात आहे अशी त्यांची श्रद्धा. तेव्हा एजिसू गावची राणीमाता, ‘या असांतेवा’ नावाची, लढायला उभी राहिली. ती हरली, तिलाही सेशेल्सला नेलं, पण आसन काही ब्रिटिशांच्या हाती लागलं नाही. प्रेम्पे परतला १९२४ मध्ये. १९२६ मध्ये ब्रिटिशांनी त्याला फक्त कुमासीचा प्रमुख म्हणून मान्य केलं. १९३१ मध्ये तो वारला. ३१ जानेवारी १९३५ ला त्याच्या वारसाला, प्रेम्पे दुसरा याला, अवघ्या असांतेंचा राजा म्हणून मान्यता मिळाली. आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला क्लब कोटोको झाला.

१९२४, १९२६, १९३१, १९३५. चारही वर्षं जुळतात. राजा परत येतो आणि पोरं मैदानावर उतरतात, गादी उभी राहते आणि क्लबाला आपलं नाव सापडतं. साळिंदर ही असांते फौजेची खूण, एक एक काटा म्हणजे एक एक शिपाई. क्लबाचं ब्रीदही तेच: ‘कुम आपेम आ, आपेम बेबा’. हजार मारा, हजार येतील. गादी काढून घेतली तर या क्लबात उरतं काय?

गोलरेषा

लेख आवडला, पण तारखांचा खेळ मला मान्य नाही. नावं बदलली कारण संघ सारखा हरत होता. अशांती युनायटेड हे नाव लाभेना म्हणून टायटॅनिक्स, तेही लाभेना म्हणून मायटी ॲटम्स. टायटॅनिक्स या नावात असांते अस्मिता कुठे दिसते तुम्हाला? १९३१ मध्ये राजा वारला आणि पोरांनी बुडालेल्या जहाजाचं नाव घेतलं, यात काय जुळतं? परवानगी काढली ती १९३५ मध्ये, आणि तेवढा एकच दुवा खरा आहे. बाकीचे तीन तुम्ही प्रेमापोटी जोडले आहेत.

आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. क्लब सुरू केला कोणी? ड्रायव्हर आणि इलेक्ट्रिशियनने, उसन्या तीन पौंडांवर. राजवाड्याने नाही. अकरा वर्षांनी गादी आली आणि आता मालकी तिची. क्लबाची समिती राजाच्या मान्हिया राजवाड्याच्या शब्दावर बसते आणि त्याच शब्दावर उठते. स्टँडमध्ये तिकीट काढून बसणाऱ्याने हिशोब कोणाकडे मागायचा? राजासमोर घानात माणूस खांद्यावरचं कापड खाली घेऊन उभा राहतो. त्याच राजाला ‘यंदा स्ट्रायकर का घेतला नाही’ हे विचारणार कोण? अक्राच्या हार्ट्स ऑफ ओकने २०११ मध्ये शेअर विक्रीला काढले. मला तो रस्ता जास्त सरळ वाटतो.

कूपरेज गॅलरी

मी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा चाहता. २००५-०६ मध्ये आम्ही राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा पुढे युसिफ याकुबू होता, घानाचा. त्याच्या पायात चेंडू आला की आमची अख्खी रांग उभी राहायची. तो असांते की अक्राकडचा गा की उत्तरेकडचा, हे आमच्यातल्या कोणाच्या मनात कधी आलं नाही. मग खुद्द घानात क्लबाच्या नावातच ते का असावं? गोलरेषांशी सहमत.

पिंपळपान

कूपरेज गॅलरी, तुम्ही म्हणता तो प्रयोग घानात होऊन गेलाय, आणि तोही थेट पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांच्या काळात. १९६१ मध्ये रिअल रिपब्लिकन्स नावाचा संघ काढला. ना शहराचा, ना समाजाचा, फक्त देशाचा. क्रीडा खात्याचे प्रमुख ओहेने जान यांनी प्रत्येक क्लबातले उत्तम खेळाडू उचलून त्यात घातले. कोटोकोचा बाबा यारा, अख्खा देश ज्याला बगलेवरचा राजा म्हणायचा, तोही गेला. १९६३ मध्ये या संघाच्या बसला अपघात झाला, बाबा याराचा कणा मोडला आणि तो पुन्हा कधी चालू शकला नाही. १९६९ मध्ये गेला.

फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमांची सत्ता उलथली आणि रिअल रिपब्लिकन्स गुंडाळला गेला. लीग जिंकलेला संघ! त्याच्यासाठी रडणारं गाव नव्हतं, गल्ली नव्हती. कोटोको आणि हार्ट्स मात्र तसेच राहिले. आज कुमासीच्या स्टेडियमला नाव आहे बाबा याराचं. क्लब माणसांच्या घरात रुजलेला असला तरच टिकतो, हा माझा निष्कर्ष.

गोलरेषा

पिंपळपान, अर्धंच सांगितलंत. त्याच धोरणाच्या काळात घानाने १९६३ आणि १९६५, लागोपाठ दोनदा आफ्रिका चषक जिंकला. सगळ्या समाजांची पोरं एका ठिकाणी सराव करत होती, त्याचाही हात असेलच ना त्यात? तो संघ मेला तो सरकारी होता म्हणून, समाजाचा नव्हता म्हणून नव्हे.

सह्यवारा

मला वेगळंच खुपतंय. डावी बगल, तुम्ही ‘हजार मारा, हजार येतील’ हे ब्रीद कौतुकाने लिहिलंत. ९ मे २००१, अक्रा. हार्ट्स विरुद्ध कोटोको. हार्ट्स २-१ ने पुढे गेले, कोटोकोच्या स्टँडमधून प्लॅस्टिकच्या खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या गेल्या. पोलिसांनी गर्दीवर अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांकडे धावले, खाली दरवाजे बंद. सव्वाशेहून जास्त माणसं चेंगरून, गुदमरून मेली. आफ्रिकेच्या मैदानांवर इतकी माणसं एका दिवसात कधी गेली नव्हती.

हे वाचल्यावर फौजेचं ब्रीद स्टेडियममध्ये गर्जण्याचं माझ्याच्याने कौतुक होत नाही. खेळाचा क्लब ‘आम्ही लोक’ झाला की हार ही हार राहत नाही, अपमान होते.

डावी बगल

सह्यवारा, खुर्च्या फेकणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. पण माणसं खुर्च्यांनी मेली नाहीत आणि ब्रीदानेही नाहीत. सामना जवळपास संपलेला असताना बंदिस्त गर्दीवर अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडायला वाट ठेवली नाही, त्याने मेली. आजही दर ९ मेला दोन्हीकडचे लोक त्यांची आठवण करतात. स्टेडियमबाहेर पुतळा आहे, एक चाहता दुसऱ्याला उचलून नेतोय, खाली लिहिलंय ‘मी माझ्या भावाचा रखवालदार’. दोष ब्रीदावर टाकला की दरवाजा बंद ठेवणारा सुटतो. ते मला नको आहे.

सह्यवारा

दरवाजाचं मान्य. ब्रीदाचं नाही. माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकत्र राहतात.

टेमाकर

मी अक्राजवळच्या टेमा बंदरात चार वर्षं नोकरी केली, म्हणून थोडं लिहितो. आमच्या वर्कशॉपमध्ये एक वयस्क फिटर होता, केप कोस्टकडचा, फान्ते समाजाचा. फान्ते आणि असांते यांच्यात एकोणिसाव्या शतकात मोठ्या लढाया झालेल्या आहेत. पण हा माणूस कट्टर कोटोकोवाला. एकदा जेवायला घरी बोलावलं, केन्के, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेला मासा. जेवण झाल्यावर त्याने पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. झाकणाला आतून पिवळा पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला. कॅप घातलेला गोलकीपर. रॉबर्ट मेन्सा.

मेन्सा केप कोस्टचा, तिथल्या मिस्टीरियस ड्वार्फ्समधून कोटोकोत आलेला. १९७० चा आफ्रिकेचा क्लब चषक कोटोकोने जिंकला तेव्हा गोलात तो होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये टेमातल्याच एका बारमध्ये भांडण झालं, त्याला फुटक्या बाटलीने भोसकलं आणि तो गेला. त्या वर्षीची अंतिम लढत कोटोको त्याच्याविना खेळले आणि कॅमेरूनमधल्या याउंडेच्या कॅनॉन क्लबकडून हरले. केप कोस्टच्या मैदानाला पुढे त्याचं नाव दिलं.

फिटर मला म्हणाला, “असांतेंचा क्लब आहे खरा. पण त्यांचं गोल आमच्या पोराने राखलं.” मी त्याला राजाबद्दल विचारलं. तो म्हणाला, राजा त्यांचा, पण क्लब माझ्या बापाचा. बापाने हे चित्र कापून ठेवलं होतं.

मला वाटतं डावी बगल आणि गोलरेषा दोघंही कुमासीतच अडकलात. क्लब कधीचाच कुमासीबाहेर गेलाय.

पिंपळपान

टेमाकर, जोडीला त्याच संघाचा कर्णधार घ्या. इब्राहिम संडे, १९७१ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू, पुढे जर्मनीत वेर्डर ब्रेमेनला गेलेला. बाबा यारा, इब्राहिम संडे, मलिक जाबिर, अब्दुल रझाक… ही नावं नुसती मोठ्याने वाचा. कुमासीच्या झोंगो वस्त्यांमध्ये उत्तरेकडून आणि शेजारच्या देशांतून आलेली मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बंद दाराचा क्लब असता तर ही नावं त्याच्या इतिहासात एवढी दिसली नसती.

कूपरेज गॅलरी

खेळाडू बाहेरचे घेणं आणि मालकीत वाटा देणं यात फरक आहे, पिंपळपान. पाय सगळ्यांचे चालतात, सही एकाचीच.

गोलरेषा

मला हेच म्हणायचं होतं.

डावी बगल

मग हार्ट्सचंही बोलूया. शेअर विकले, ठीक. आज सर्वात मोठा वाटा कोणाचा आणि मंडळाच्या अध्यक्षपदी कोण? तोग्बे आफेडे चौदावे, पूर्वेकडच्या हो गावचे एवे राजे. १९११ मध्ये अक्रात, गा लोकांच्या शहरात जन्मलेला क्लब एका एवे राजाच्या हातात! म्हणजे शेअर बाजाराच्या रस्त्याने जाऊनही शेवटी राजाच भेटला. फरक इतकाच की कोटोकोचा राजा पैसे देऊन आलेला नाही. त्याच्याकडे नाव मागायला पोरं स्वतः गेली होती.

तारखांबद्दल मात्र गोलरेषांचं मान्य करतो. टायटॅनिक्सला प्रेम्पेच्या मृत्यूशी जोडणं ही माझी ओढाताण होती, १९२६ सुद्धा सोडून देतो. १९२४ आणि १९३५ सोडत नाही. राजा परतल्यावरचं कुमासी आणि आधीचं कुमासी एकच होतं असं कोणी मला सांगू नये.

आणि मेन्साच्या विजयामागची एक गोष्ट टेमाकरांनी सांगितली नाही. १९६७ ची अंतिम लढत काँगोतल्या लुबुंबाशीच्या टीपी एंगलबर्ट क्लबशी होती, १-१ आणि २-२. तिसरा सामना ठरला. पण घानाच्या फुटबॉल संघटनेने तो निरोप क्लबापर्यंत पोचवलाच नाही. कोटोको मैदानावर गेलेच नाहीत, चषक समोरच्यांना. तीन वर्षांनी अंतिम लढत पुन्हा त्याच एंगलबर्टशी. कुमासीत १-१. मग त्यांच्या देशात जाऊन २-१. कागदावर हरवलेला चषक मैदानावर परत आणला.

गोलरेषा

१९७० चं वाचून अंगावर काटा आला, ते खरं. आफेडेंचा मुद्दाही बिनतोड आहे. पण त्यांना भागधारक सभेत उभं राहून प्रश्न विचारू शकतात, आणि कागदावर का होईना तो हक्क आहे. तुम्ही म्हणता पोरं नाव मागायला गेली. नावच मागितलं होतं ना? मालकी कधी मागितली?

टेमाकर

हा प्रश्न मी त्या फिटरला विचारणार आहे. ख्रिसमसला फोन असतोच आमचा. काय म्हणतो ते इथे लिहितो.