अनुभव धागा : तुमच्या मंडळीतले सभासद सेवेला कसे लागले?

जय मसीह! आपल्या विदर्भाला ख्रिस्ती मंडळीचा वारसा मोठा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच झाली. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी यवतमाळला होती. तरी आज खेड्यांत एकेका पाळकाकडे चार-पाच गावं असतात. सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याचं काम त्यांचं एकट्याचं, असं मानून आपण बसलो तर मंडळी वाढेल कशी? तुमच्याकडे सभासद कशानं हलले, ते लिहा.

महिला मंडळ, दारव्हा तालुका
दिवाळीनंतर आमच्या उपासनेला निम्म्या बाया नसायच्या. कापूस वेचायला जात. पाळक दर रविवारी "या, या" म्हणत, फरक पडत नव्हता. मग मंडळानं ठरवलं, रात्री जेवणं झाली की सभा वेचणारणीच्याच आंगणात घ्यायची. जिच्या घरी सभा, तिनंच शेजारणींना बोलवायचं, शास्त्रपाठही तिचाच. माझ्या जावेला वाचता येत नाही. म्हणे, "मले काई येत नाई, मी काय करू?" मी म्हटलं, "तेविसावं स्तोत्र तोंडपाठ हाये नं तुले? थेच म्हन." म्हटलं तिनं. मधात अडली तं पोरीनं पुढचा शब्द दिला. शेजारच्या काकूंचे मालक त्याच साली गेले होते. मृत्युछायेच्या दरीची ओळ त्यांनी जावेला पुन्हा म्हणायला लावली. आता जाऊ स्वतःच घरोघर बोलावणं घेऊन जाते, अन् काकू दर सभेला असतात.

धारणी, मेळघाट
पोरांनी कोरकूत गाणी बांधली, ढोलकीवर. मराठी गाण्यांना नुसते बसून राहणारे म्हातारे आता गातात, नातेवाइकांनाही घेऊन येतात.

तरुण संघ, अमरावती जिल्हा
पाळकांनी एकेकाला नाव घेऊन काम दिलं. माझ्याकडे आजारी माणसांच्या भेटी आल्या. गावातलं कुणीही दवाखान्यात भरती झालं की डबा न्यायचा, धर्म विचारायचा नाही. "प्रार्थना करू का?" असं विचारायचं, नाही म्हटलं तर डबा देऊन यायचं. चारचौघांत प्रार्थना करायला मला फार भीती वाटायची, ती इथंच गेली.

वडील मंडळ, वर्धा जिल्हा
उत्साहात एक विसरू नका. पैसा, नोकरी, उपचार यांचं आमिष कुणालाही, कधीही नको. संविधानाचं कलम २५ धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच सांगितलं आहे. आम्ही नव्या गावात सभा घेण्याआधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटतो. नाताळच्या फराळाला ते आमच्याकडे असतात. आणि वाढ नुसत्या बाप्तिस्म्यांवर मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. किती सभासद कामाला लागले ते आधी बघावं.

शब्बाथ शाळा (मुलांचा बायबल वर्ग), गडचिरोली जिल्हा
मे महिन्यात मोठी माणसं पहाटेच तेंदूपत्त्याला जातात, म्हणून शाळा बंद पडायची. आता नववी-दहावीच्या मुलीच धाकट्यांना गोष्टी सांगतात. त्यातली एक पलीकडच्या टोल्यावरही (वस्तीवरही) वर्ग सुरू करायचं म्हणते. टोल्यावरच्या आयाबायांशी ती स्वतःच बोलून आली, जागाही मिळाली आहे. फळा तेवढा नाही. कुणाच्या मंडळीत जुना पडून असेल तर कळवा, न्यायला आम्ही येऊ.