हिरड्याच्या अर्काला १८ मिमीचा झोन आलाय, याला 'प्रभावी' म्हणता येईल का?

कोवळी_पालवी

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प हिरड्यावर आहे, त्याचे जिवाणूरोधक आणि अँटिऑक्सिडंट असे दोन्ही गुण तपासायचे आहेत. प्रयोग झालेत. आता लिहायला बसलेय आणि तीन दिवस एकाच वाक्यावर अडलेय.

काय केलं ते आधी सांगते. वाळलेल्या फळांच्या बिया काढल्या, उरलेलं दळलं आणि सॉक्सलेटमध्ये (द्रावक उकळवून अर्क काढायच्या उपकरणात) मिथेनॉलने आठ तास अर्क काढला. मिथेनॉल उडवल्यावर राहिलेला चिकट तपकिरी अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ प्रति मिली असा विरघळवला. म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) ८ मिमीचे वेल, म्हणजे खड्डे, पाडले, प्रत्येकात १०० मायक्रोलिटर. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर १८ मिमीचा झोन (वेलभोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल) आला, तिन्ही प्लेटमध्ये जवळपास सारखाच. ई. कोलायवर काहीच नाही, अगदी वेलच्या काठापर्यंत वाढ. त्याच प्लेटवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची डिस्क होती, तिचा स्टॅफिलोकॉकसवरचा झोन २२ मिमी. नुसत्या डीएमएसओच्या वेलभोवती झोन नाही.

डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत अर्काचा आयसी-५० (निम्मा परिणाम दाखवणारी मात्रा, जितकी कमी तितकी चांगली) आला १४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ॲस्कॉर्बिक आम्लाचा ६.

आता ते वाक्य : 'हिरड्याचा अर्क प्रमाण प्रतिजैविकाच्या तोडीचा जिवाणूरोधक व उत्तम अँटिऑक्सिडंट आहे.' मी वाचलेल्या पुष्कळ शोधनिबंधांचा शेवट असाच होतो. पण लिहायला गेलं की हात अडखळतो. १८ आणि २२ जवळ आहेत म्हणून 'तोडीचा' म्हणता येतं का? ई. कोलायवर काहीच का नाही, माझंच काही चुकलं का? आणि हे दोन गुण एकाच गोष्टीमुळे येत असतील का? ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया सांगावं.

रानवाट

मी वनस्पतीशास्त्राचा माणूस, प्लेटांचं बाकीचे सांगतील. फळं कोवळी वाळवलेली होती की पिकलेली? बाळहिरडा आणि पूर्ण वाढलेला हिरडा यांत टॅनिनचं प्रमाण सारखं नसतं, त्यामुळे 'हिरडा' एवढंच लिहून भागणार नाही. टर्मिनॅलिया चेब्युला हे नाव लिहाल तेव्हा पानाफळांसकट एक नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात द्या. नावं बदलतात. तुळशीला अनेक वर्षं ऑसिमम सँक्टम म्हणायचे, आता ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हणतात. जपून ठेवलेला नमुना मात्र पन्नास वर्षांनीही उघडून बघता येतो. दळलेल्या पावडरीवरून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

जुनी_पेट्रीडिश

पालवी, ज्या वाक्यावर तुझा हात अडखळला तिथेच थांबायला हवं होतं. मी चौदा वर्षं अर्कांचं काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गणित कर. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, १०० मिग्रॅ प्रति मिलीचा अर्क. म्हणजे एका वेलमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजेच १०,००० मायक्रोग्रॅम. शेजारच्या डिस्कवर जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम. तू हजारपट माल टाकलास आणि तरी झोन चार मिमीने लहान आला. 'तोडीचा' हा शब्द इथेच गळून पडतो. शिवाय तुझ्या १८ मधले ८ मिमी वेलचेच आहेत.

हजारपट टाकलं म्हणून अर्क हजारपट कमजोर, असंही म्हणता येत नाही बरं का. अर्कात शंभर गोष्टी असतात आणि काम करणारा रेणू त्यात एखादा टक्काही नसेल. त्यातून झोन म्हणजे दोन गोष्टींची सरमिसळ : रेणू जिवाणूला किती रोखतो, आणि तो अगारमधून किती सरकतो. मोठे रेणू आणि पाण्याशी न जमणारे तेलकट रेणू वेलच्या आसपासच अडकतात. डिस्कची पद्धत १९६६ मध्ये बाउअर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित केली ती ओळखीच्या प्रतिजैविकांसाठी. त्यांचा रेणू एकच, मात्रा ठरलेली, अगारची जाडी ठरलेली. अनोळखी मिश्रणाला ती फुटपट्टी लावली की 'इथे काहीतरी आहे' एवढंच कळतं. किती आहे, ते कळत नाही.

त्यासाठी एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढ. ९६ खणांची प्लेट घे, अर्क दरवेळी निम्मा करत जा, प्रत्येक खणात मिलीला सुमारे पाच लाख जिवाणू. कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आली तर या क्षेत्रातले लोक मान वर करून बघतात. १ मिलिग्रॅमच्या वर गेली तर पुढे जाण्यात फारसा अर्थ उरत नाही.

ई. कोलायवर झोन नाही यात तुझी चूक नाही. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला बाहेरून आणखी एक पटल असतं आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींचे बहुतेक रेणू इथेच हरतात. या पंपांचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण दारुहळदीच्या कुळातलं आहे, पण ते आहे स्टॅफिलोकॉकसवरचं. बर्बेरिन हा पिवळा रेणू जिवाणूत शिरतो आणि नॉरए नावाचा पंप त्याला बाहेर काढतो. २००० साली बर्बेरिस कुळातल्या एका झुडपात दुसरा एक रेणू सापडला. तो एकटा जिवाणूंना काहीच करत नाही, पण पंप बंद पाडतो. मग तेच बर्बेरिन मारक ठरतं. एकाच झाडात हत्यारही आणि पहारेकऱ्याला अडवणाराही! अर्क वेगवेगळ्या अंशांत तोडून एकेक तपासणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून ई. कोलायची 'काही नाही' ही ओळ प्रबंधातून वगळू नकोस, तीसुद्धा निकालच आहे.

आता तुझा तिसरा प्रश्न, तोच कळीचा. दोन्ही गुण एकाच गोष्टीमुळे असू शकतात आणि हिरड्यात ती गोष्ट बहुधा टॅनिन असेल. चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, कोरिलॅजिन यांनी हे फळ भरलेलं असतं. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. चामडं कमावायला ते वापरतात ते याच गुणासाठी. जिवाणूची प्रथिनं बांधतं, माध्यमातलं लोह पकडून ठेवतं आणि वाढ थांबते. हा परिणाम खोटा नाही, पण तो निवडक नाही. माणसाच्या पेशीलाही टॅनिन तसंच चिकटेल.

हे मी फार उशिरा शिकले. सुरुवातीच्या काळात एका सालीच्या अर्कावर मी सात महिने घालवले. अंश पाडत गेले, प्रत्येक अंशात थोडी थोडी क्रिया, कुठेच गोळा होईना. शेवटी पीव्हीपीपी (टॅनिनला चिकटवून घेणारी, न विरघळणारी पावडर) घालून टॅनिन काढलं आणि तोच अर्क पुन्हा प्लेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर वेलच्या काठाला टेकून गुळगुळीत सोनेरी वाढ. सात महिन्यांचं काम त्या एका प्लेटवर संपलं होतं. ही तपासणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. तू आत्ता कर. अर्कात पीव्हीपीपी मिसळ, हलव, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव घे, फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून निळा-काळा रंग येत नाही ना ते बघ आणि मग दोन्ही प्रयोग पुन्हा कर.

एमआयसीत एक फसगत होते, ती सांगून थांबते. रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं रसायन) निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर जिवाणू जिवंत, असं आपण वाचतो. पण अँटिऑक्सिडंट अर्क स्वतःच रेझाझुरिनला गुलाबी करू शकतो, जिवाणू नसतानाही. म्हणून एक ओळ अर्क, माध्यम आणि रंग एवढीच ठेव.

पाचशेसतरा

डीपीपीएचबद्दल मी सांगतो, माझं काम रसायनाचं.

डीपीपीएच हा मुक्त मूलक इतका स्थिर आहे की बाटलीत पावडर म्हणून राहतो. शरीरात तो नसतोच. जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरला उतरला याचा अर्थ अर्काने मिथेनॉलमध्ये त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला, इतकाच. आयसी-५० हा आकडाही डीपीपीएच किती घेतलं आणि किती मिनिटांनी मोजलं यावर हलतो, म्हणून ट्रोलॉक्स या प्रमाण अँटिऑक्सिडंटच्या तुलनेत लिहा. अर्क तपकिरी आहे, तेव्हा अर्क आणि नुसतं मिथेनॉल असा कोरा नमुना मोजून वजा केलात ना? नसेल तर आकडा सुधारावा लागेल.

टॅनिनचे हे मोठे रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात जात नाहीत. त्यांचं एलॅजिक आम्ल होतं, पुढे आतड्यातले जिवाणू त्याचे युरोलिथिन करतात. मग तुम्ही क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या छोट्या पात्रात) मोजलेला पदार्थ आणि पेशीपर्यंत पोहोचणारा पदार्थ एकच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ओआरएसी (अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या) आकड्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली ती याच अंतरामुळे. आणि फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत, १९९४ साली, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. क्युव्हेटमध्ये तेही अँटिऑक्सिडंटच होतं.

आठ तासांच्या सॉक्सलेटबद्दलही बोलायला हवं. गॅलिक आम्लाची टॅनिनं मिथेनॉलमध्ये तापत राहिली की त्यातून मिथाइल गॅलेट तयार होऊ शकतं, जे फळात तेवढं नव्हतंच. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला हिवतापावरच्या आर्टेमिसियाच्या अर्कात आधी एकसारखे निकाल मिळत नव्हते. जुन्या चिनी ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. पुढे २०१५ चं नोबेल मिळालं. तुम्ही एक नमुना थंड मिथेनॉलमध्ये भिजवून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

कोवळी_पालवी

एकोणीस दिवसांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पाचशेसतरा सर, तुमचे दोन्ही प्रतिसाद छापून बाकावर चिकटवले होते.

एमआयसी स्टॅफिलोकॉकसवर ०.५ मिग्रॅ प्रति मिली. जिवाणू नसलेल्या ओळीत पहिले तीन खण खरंच गुलाबी झाले. ती ओळ नसती तर मी त्या खणांत जिवाणू जिवंत आहेत असंच लिहिलं असतं. मग रंग सोडून दिला आणि प्रत्येक खणातला थेंब ताज्या अगारवर टाकून वाढ बघितली. पीव्हीपीपीनंतर फेरिक क्लोराइडला रंग नाही, झोन १८ वरून १० वर, आणि २ मिग्रॅलाही वाढ दिसते. डीपीपीएचचा आयसी-५० १४ वरून ९० च्या पुढे. थंड अर्काचा झोन १७, म्हणजे उष्णतेने झोनमध्ये फारसा फरक पडला नाही. कोरा नमुना मी वजा केला नव्हता, आता केलाय.

रानवाट सर, फळं पूर्ण वाढलेली होती. त्याच झाडाची फांदी फळांसकट दाबून वाळवली आणि जमा केली, क्रमांक मिळालाय.

नवं वाक्य असं लिहिलंय : 'हिरड्याच्या मिथेनॉल अर्काची स्टॅफिलोकॉकस ऑरियसवरील एमआयसी ०.५ मिग्रॅ प्रति मिली असून ही क्रिया व डीपीपीएचमधील क्रिया मुख्यतः पीव्हीपीपीने निघून जाणाऱ्या पॉलिफेनॉलांमुळे आहे, ई. कोलायवर क्रिया आढळली नाही.'

जुनी_पेट्रीडिश

वाक्य चांगलं आहे. पीव्हीपीपीने टॅनिनबरोबर इतर पॉलिफेनॉलही निघतात, म्हणून तू नुसतं 'टॅनिन' न म्हणता 'पॉलिफेनॉल' लिहिलंस ते अचूक केलंस. फक्त एक तपासणी राहिलीय : माध्यमात वरून लोह घालून एमआयसी पुन्हा बघ. वाढ परत आली तर लोह पकडणं हे एक कारण ठरेल. आणि उरलेला १० मिमीचा झोन तसाच सोडू नकोस. वेल ८ चा आहे, तरीही काठाभोवती एक मिमीची स्वच्छ कडा उरते. तिच्यात काय आहे ते मलाही बघायचंय.