व्हॅम्पायर, वेताळ की रक्तपिपासू?

सध्या एक गाजलेली व्हॅम्पायर कादंबरी वाचतेय. आजच्या महानगरात घडते. व्हॅम्पायर मेट्रोने फिरतात, नायिका रात्रपाळी करते, असा सगळा मामला. धड आवडत नाही, धड खालीही ठेववत नाही. त्याबद्दल मैत्रिणीला मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'नायक रक्तपिपासू आहे' असं लिहिलं तर तो थेट अग्रलेखातला हुकूमशहा वाटायला लागला. 'पिशाच' म्हटलं की पाय उलटे होतात. 'वेताळ' म्हणावं तर पाठीवर बसून गोष्ट सांगेल की काय अशी भीती! बरं, तो मानेला करतो काय? 'चावला' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. चावतात ते डास नि कुत्री. शब्द सुचवा.

---

'डसला' म्हणा की. डसण्यात विष आहे, अंगात काहीतरी भिनत जाणं आहे. चावण्यात नुसते दात.

वेताळाचा घोळ मात्र तुमचा एकटीचा नाही. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा शीर्षकातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. वास्तविक आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो आणि राजाला कोड्यात पाडतो. विक्रमाने तोंड उघडलं की स्वारी परत झाडावर. रक्ताशी त्याला काय देणंघेणं? पिशाचाचं नातं 'पिशित' म्हणजे मांसाशी जोडतात, म्हणजे तिथेही ताटातला पदार्थ चुकला.

---

व्हॅम्पायरच ठेवा. इंग्रजीने तरी कुठे स्वतः घडवलाय तो शब्द? १७२५ आणि १७३२च्या आसपास सर्बियातल्या खेड्यांत पुरलेली प्रेतं उकरून पाहिली गेली. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे होता. त्यांच्या अंमलदारांच्या अहवालांतून हा शब्द युरोपभर पसरला. तेव्हाचा व्हॅम्पायर म्हणजे फुगलेला, लालबुंद, कालपरवा मेलेला गावकरी. त्याच्या प्रेमात कोण पडणार? देखणा उमराव तो झाला पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या १८१९च्या कथेत, आणि उन्हाने नाहीसा व्हायला लागला तो १९२२च्या एका जर्मन मूकपटापासून. इतकी स्थित्यंतरं पचवलेल्या शब्दाला देवनागरी काय जड आहे?

---

रक्तपिपासूला इतक्यात मोडीत काढू नका. अग्रलेखांनी तो गुळगुळीत केला हे खरं, पण जरा उकलून बघा. 'पिपासू' हे 'पा' म्हणजे पिणे या धातूचं इच्छार्थक रूप. जिज्ञासू, मुमुक्षू यांच्याच कुळातलं. जिज्ञासूला अजून कळलेलं नसतं, मुमुक्षूला मोक्ष मिळालेला नसतो. तसाच रक्तपिपासू. रक्त प्यायची इच्छा असलेला. तो प्यायला असं शब्द कुठेही म्हणत नाही.

---

मूळ प्रश्न माझा, म्हणून परत येतेय. वरच्या प्रतिसादाने शब्दाचं सोडा, माझं कादंबरीशी काय बिनसलंय तेच कळलं.

सुरुवातीला एक प्रसंग आहे. लिफ्टमध्ये दोघंच. कागदाच्या कडेने नायिकेचं बोट चिरलंय, रक्ताचा एवढासा ठिपका. आणि हा पठ्ठ्या दाराकडे तोंड करून मजल्यांचे आकडे मोजतोय. सात, आठ, नऊ. तिला वाटतं, काय माणूस आहे, साधी विचारपूस नाही! मी मात्र श्वास रोखून वाचत होते. काव्यशास्त्रात शृंगार आणि बीभत्स हे विरोधी रस मानले आहेत, इथे दोन्ही एका लिफ्टमध्ये कोंबलेत आणि तरी रसभंग नाही. कारण तो तहानलेला आहे आणि पीत नाहीये.

अर्ध्यावर मात्र संयम सुटतो आणि मग काय, दर प्रकरणात माना, दर प्रकरणात उसासे. शत्रू आला, डसला. भांडण मिटलं, डसला. मी पानं मोजायला लागले.

तेव्हा मैत्रिणीला असं लिहिलंय: 'नायक व्हॅम्पायर आहे. निम्म्या पुस्तकापर्यंत रक्तपिपासू, पुढे नुसताच रक्त पिणारा. निम्मं वाच.'

'डसला' घेतला आहे, आभार. आता असल्या महानगरी भुताखेतांच्या कादंबऱ्यांना, म्हणजे 'अर्बन फँटसी'ला, काय म्हणायचं? 'शहरी अद्भुतिका' लिहून खोडलं. नगरपालिकेची योजना वाटते.